निळा रंग बंद

कार्यक्रमपत्रिकेवर अध्यक्षीय भाषणाचा विषय छापला होता, 'पाचवी ते आठवीचे कलाशिक्षण : आढावा आणि पुढील दिशा'. श्रीवर्धनला संमेलनासाठी जमलेल्या चित्रकला शिक्षकांनी वह्या उघडल्या. आढाव्यात आपल्या तालुक्याचे नाव येते का, हे प्रत्येकाला ऐकायचे होते. अध्यक्षबाईंनी आढावा भराभर उरकला आणि उरलेला सगळा वेळ त्या एकाच गोष्टीवर बोलल्या. मुलांना चित्र काढायला सांगताना अट घाला, 'मनाला येईल ते काढा' असे म्हणणे बंद करा, ही ती गोष्ट. ती बोलण्यासाठी त्या अनेक वर्षे थांबल्या होत्या, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते.

रिवाजाप्रमाणे संयोजकांचे, यजमान शाळेचे आणि आदल्या रात्री उशिराच्या एसटीने उतरलेल्या मंडळींची सोय करणाऱ्या गावकऱ्यांचे आभार मानून झाले. पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या गावात बोलायला मिळाले, याचा आनंद एका वाक्यात सांगून झाला.

आढाव्यातही त्यांनी मोजकेच मुद्दे घेतले. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले, राज्याचे कला संचालनालय १९६५ मध्ये आले, ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षक पदविका मिळवलेल्या शिक्षकांच्या पिढ्या गावोगावी गेल्या, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांनी चित्रकलेचा तास शाळेच्या वेळापत्रकात टिकवून धरला. आता काय आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अर्धवेळ निदेशकांची तरतूद आहे. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या कितीतरी शाळांचा पट शंभरापर्यंत पोचतच नाही. तिथे चित्रकलेचा तास गणिताचे नाहीतर भाषेचे शिक्षक घेतात, आणि परीक्षा जवळ आल्या की तो तास गणिताला जातो. पूर्णवेळ कलाशिक्षकाच्या मागणीचा ठराव संमेलनापुढे होता. बाईंनी त्याला निःसंदिग्ध पाठिंबा दिला. पण उद्या सगळ्या जागा भरल्या तरी त्या शिक्षकाने वर्गात जाऊन काय करायचे, हा प्रश्न ठरावात कुठेच नाही, असे म्हणून त्या मूळ विषयाकडे वळल्या.

मूळ विषय होता एक चित्र. महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाने ते आयुष्यात एकदा तरी काढले आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, त्याचे सरळ किरण. डोंगरातून निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी नागमोडी नदी. एका काठाला गवती छपराची झोपडी, दुसऱ्या काठाला नारळाचे झाड, आकाशात दोन-दोन रेघांचे पक्षी. बाईंनी स्पर्धांच्या परीक्षक म्हणून अशा चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले. अलिबागचे, माणगावचे, मुंबईहून आलेले, सगळे सारखेच.

"मला राग मुलांचा कधीच आला नाही," त्या म्हणाल्या. "राग आला तो 'निसर्गचित्र काढा' एवढेच फळ्यावर लिहून खुर्चीत बसणाऱ्या आपल्या लोकांचा."

श्रीवर्धनच्या बाबतीत तर हे चित्र उघड खोटे ठरते. इथे डोंगर पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. गावातले पोर रोज संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडताना पाहते. जीवना बंदरावरच्या घरात वाढणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर होड्या असतात, बर्फाच्या लाद्या असतात, बांबूंवर टांगलेली मासळी असते, जाळी शिवणारे आजोबा असतात. वाडीतल्या मुलाने पोफळीवर चढणारी माणसे पाहिलेली असतात, अंगणात वाळत घातलेल्या सुपारीचा रंग रोज बदलताना पाहिलेला असतो. ही दोघे चित्रकलेच्या तासाला वही उघडतात आणि गवती छपराची झोपडी काढतात. अशी झोपडी त्यांच्यापैकी कुणी पाहिलेली नसते. बाईंच्या मते हे चित्र मुलांचे नसतेच. कुणा दुसऱ्याच्या हातचे ते हाताहातांतून त्यांच्यापर्यंत आलेले असते, आणि मोकळीक दिली की मूल त्याचाच आसरा घेते.

आसरा घेण्याचे हे वय आहे, हे त्यांनी पुस्तकाचा आधार देऊन सांगितले. व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या कलाशिक्षकाचा मुलांच्या चित्रांवरचा ग्रंथ १९४७ मध्ये आला. नऊ-दहा वर्षांपासून पुढे मुले आपल्याच चित्रांकडे परीक्षकाच्या नजरेने बघू लागतात, हुबेहूब आले नाही तर खट्टू होतात आणि पुष्कळजण तेव्हाच चित्र काढणे सोडतात, हे त्यात मांडले आहे. पहिलीतले पोर हत्तीला सहा पाय काढून खूश असते. सहावीतल्याला शेजारच्या बाकावरून कुणी हसेल याची धास्ती असते. अशा मुलाला कोरा कागद देऊन 'काहीही काढ' म्हणणे ही त्याच्यावरची मेहेरबानी नाही. ते घाबरते, आणि ज्या चित्राला आजवर कुणी हसले नाही, तेच काढते.

यावर बाईंचा उपाय अगदी साधा आहे. जे चित्र मुलाच्या हातात तयार असते, तेवढ्याचीच वाट बंद करायची. बाकी सगळे मोकळे.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी एका तासाच्या हकिगतीला दिला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर या पट्ट्यात घरांची छपरे उडाली, पिढ्यांनी जपलेल्या पोफळी आणि माड आडवे झाले. पोफळ लावल्यापासून पीक हाती यायला कित्येक वर्षे जातात, त्यामुळे वाडी गेली म्हणजे घरातल्या एका पिढीची मिळकत गेली. त्यात करोनाची टाळेबंदी. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून उघडले तेव्हा मुले मास्क लावून एकाआड एक बसली होती. बाई तेव्हा किनाऱ्यावरच्या एका शाळेत शिकवत होत्या. चित्रकलेच्या कपाटात पाणी शिरून कागद एकमेकांना चिकटले होते. जे सुके उरले ते त्यांनी अर्धे-अर्धे कापून वाटले आणि सातवीला विषय दिला, समुद्र. अट एकच, निळा रंग बंद.

वर्गात गलका झाला. मग समुद्र आहे हे कळणार कसे? बाईंनी उत्तर दिले नाही. खिडकीतून दिसत होता तो त्यांना बघायला सांगितला. मुले बराच वेळ नुसती बघत बसली. मग एकाला दिसले की काठाजवळचे पाणी चहाच्या रंगाचे आहे. दुसऱ्याने सांगितले की आषाढात तर सगळाच समुद्र गढूळ असतो. तिसरीला ओहोटीची ओली वाळू आठवली, तिच्यात आकाश दिसते, मग तिथे रंग कुणाचा द्यायचा? आयुष्यभर समुद्राकाठी राहिलेल्या मुलांनी त्या दिवशी समुद्र पहिल्यांदा पाहिला, असे बाई म्हणाल्या, आणि सभागृहात वयाने ज्येष्ठ असलेल्या पुष्कळ माना हलल्या.

चित्रे आली ती अशी. एका मुलाने पाणी काढलेच नाही. कागदाचा मधला भाग कोरा सोडून त्याच्या कडेने त्याने सुरूची झाडे, होड्यांच्या नाळी, वाळूवरची पावले, टोपल्या असे सगळे दाटीने भरले, आणि मधला पांढरा कागद आपोआप पाणी झाला. पाचवीपासून चित्रकलेत मागे पडलेला हा मुलगा. रिकामी जागासुद्धा चित्राचा भाग असते, हे कलेच्या महाविद्यालयात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकवतात, ते त्याने स्वतः शोधून काढले. दुसऱ्याने कोळशाने नुसत्या आडव्या रेघा मारल्या, काठाशी दाट आणि क्षितिजाकडे विरळ. एकीने समुद्र दाखवला तो जाळ्याच्या भोकांतून, प्रत्येक भोकात वेगळा तुकडा, कुठे मासा, कुठे बोट, कुठे नुसते ऊन.

आणि एका मुलीने अट मोडली. तिच्या चित्रात तपकिरी समुद्र, आडव्या पडलेल्या पोफळी, आणि घराच्या छपरावर ठळक निळा चौकोन. वर्गाने लगेच तक्रार केली. मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही समुद्राला निळा नको म्हणालात. हे आमच्या छपरावरचं प्लास्टिक आहे." वादळानंतर श्रीवर्धनात घरोघरी निळी ताडपत्री चढली होती. वर्गातल्या कित्येकांच्या घरांवर ती अजून होती. बाकी सगळीकडून निळा काढून घेतल्यामुळे तो एक चौकोन इतका बोलला की पुढे त्या चित्रावर कुणाला काही विचारावे लागले नाही. बाईंनी ती पळवाट मान्य केली. कारण सांगून मोडलेली अट ही पाळलेल्या अटीइतकीच कामाची, असे त्यांचे मत आहे आणि वर्गातल्या शिस्तीची काळजी करणाऱ्या सहकाऱ्यांशी त्या यावर आजही भांडतात.

अट घालून काम करणे नवे नाही, याची उदाहरणे त्यांनी परदेशात शोधली नाहीत. बारामतीचे कवी मोरोपंत, अठराव्या शतकातले. एकशे आठ रामायणे त्यांच्या नावावर सांगितली जातात, आणि त्यांतले एक निरोष्ठ रामायण. म्हणजे ओठाला ओठ लावून उच्चारावी लागणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. जरा विचार केला तर अट किती कठीण हे लक्षात येते. 'राम' या शब्दातच म आहे. ज्याची कथा सांगायची त्याचे नावच घेता येत नाही! मग रघुकुळाचा आधार घ्यावा लागतो, सीतेच्या पतीला 'पती' म्हणता येत नाही म्हणून 'नाथ' म्हणावे लागते, आणि शोधता शोधता भाषेच्या अशा कोपऱ्यात जावे लागते जिथे सरळ लिहिणारा कधी गेलाच नसता. मोरोपंतांना अक्षरचमत्कृतीसाठी टीकाकारांनी पुष्कळ नावे ठेवली. बाईंना ती टीका ठाऊक आहे, पण त्यांनी हीच अट आठवीच्या मराठीच्या तासाला, भाषेच्या शिक्षिकेला सोबत घेऊन दिली. 'आई'बद्दल पाच वाक्ये लिहा, प-फ-ब-भ-म नको. 'प्रेमळ' गेले, 'माझी' गेले, 'ममता' गेली, निबंधमालेतली सगळी विशेषणे एका झटक्यात गेली. मुलांना आई दिवसभर काय काय करते ते आठवावे लागले.

दुसरे उदाहरण वारली चित्रांचे. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक ठेचलेली काडी. आकार तीनच, वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. एवढ्या सामग्रीत लग्न, शिकार, लावणी, नाच, मृत्यू सगळे येते. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत असत. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हे चित्रण विधीच्या बाहेर, कागदावर आणि कापडावर नेले. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने त्यांना शोधून काढले. याच कुलकर्णींनी बिहारच्या दुष्काळात मधुबनीतल्या बायकांच्या हाती भिंतीऐवजी कागद दिला होता. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. मासे धरायच्या जाळ्याची त्यांची चित्रे बाईंना विशेष प्रिय. सगळा कागद पांढऱ्या बारीक विणीने भरलेला आणि तरी पाणी हलताना दिसते. पांढऱ्याखेरीज दुसरा रंग नाही. कुणी मशे यांना चोवीस रंगांची पेटी दिली असती तर हे जाळे झाले असते का, असे त्यांनी सभेला विचारले.

इथे त्यांनी शाळाशाळांतून चालणाऱ्या वारलीबद्दलही फटकारले. गेरूच्या रंगाचे कार्डशीट आणायचे, पुस्तकातला तारपा वाद्याभोवतीचा नाच उतरवायचा आणि भिंतीवर लावायचा, म्हणजे दोन डोंगरांच्या जागी तारपा आला इतकेच. वारली शिकवायची तर तीन आकार द्या आणि त्यांतून श्रीवर्धनचा एसटी स्टँड काढायला सांगा. गाडीची चाके वर्तुळे, ते सोपे. कंडक्टर कसा ओळखू येईल? सातवीतल्या मुलांनी त्याच्या त्रिकोणी देहाला आडवा पट्टा आणि चौकोनी पिशवी दिली होती.

आपल्याच जिल्ह्याचे चित्रकार प्रभाकर बरवे यांचे नाव त्यांनी अभिमानाने घेतले. अलिबागजवळ नागावला १९३६ मध्ये जन्म, जे. जे. मध्ये शिक्षण, मग विणकर सेवा केंद्रात नोकरी, काही काळ वाराणसीत. कापडावरच्या नक्षीचे काम म्हणजे अटींचेच काम. एका चौकटीतली नक्षी पुढच्या चौकटीला कडेने बिनचूक जुळली पाहिजे, रंग मोजकेच, माग जे उमटवू शकत नाही ते काढायचेच नाही. बरव्यांच्या चित्रांत एक घड्याळ, एक पान, एक सफरचंद इतक्याच वस्तू केवढ्या मोकळ्या जागेत शांतपणे राहतात, त्याच्या मुळाशी ही शिस्त असावी असे बाईंना वाटते. 'कोरा कॅनव्हास' हे बरव्यांचे पुस्तक १९९० मध्ये आले. प्रत्येक चित्रकला शिक्षकाने ते वाचावे, असे त्यांनी दोनदा सांगितले.

सकाळच्या चर्चासत्रात तीन बाजू पडल्या होत्या आणि बाईंनी तिन्हींचा समाचार घेतला.

पहिली बाजू मुक्त अभिव्यक्तीवाल्यांची. मुलाला कसलीही अट म्हणजे त्याच्या कल्पनेवर अंकुश, असे एका तरुण शिक्षकाने तळमळीने मांडले होते. त्याने व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेकचा दाखला दिला, ज्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांसाठी वर्ग काढून नकला उतरवण्याची सक्ती बंद केली. बाईंचे म्हणणे असे की चिझेकने नक्कल बंद केली हे खरे, पण त्याच्याच वर्गात कागद कातरण्याची आणि लिनोवर कोरण्याची कामे होत. कात्रीने डोळ्याच्या पापण्या काढता येत नाहीत, लिनोत करडी छटा येत नाही. साधनाने घातलेली ती अटच होती. आणि मग नेहमीप्रमाणे त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून वर्गातली गोष्ट काढली. सहावीचा एक मुलगा. मोकळ्या तासाला रोज एकच गाडी काढायचा, तीच, त्याच कोनातून. त्याला सांगितले, गाडी काढ पण गाडी दिसता कामा नये. दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याने धुळीचा लोट काढला, रस्त्याच्या कडेला पळणाऱ्या कोंबड्या काढल्या आणि खिडकीला लटकलेली एक चप्पल काढली. त्या मुलाची कल्पना कुणी दाबली, मोकळ्या तासाने की अटीने, असे त्यांनी त्या तरुण शिक्षकाकडे बघून विचारले. त्याने वाद पुढे नेला नाही, पण त्याला पटलेले दिसले नाही.

दुसरी बाजू ग्रेडच्या परीक्षांची. तिथे तर अटीच अटी आहेत, मग बाईंची तक्रार काय? इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून मुलांची संख्या वाढली, पालक विचारू लागले, विषयाला मान आला. हे सगळे बाईंना मान्य. संकल्पचित्राच्या प्रश्नात दिलेल्या आकारात, दिलेल्या घटकांतून नक्षी बसवायची असते, हीसुद्धा उत्तम अट. पण क्लासमध्ये काय होते? कुठलाही आकार आला तरी चालेल अशी एक नक्षी पाठ करून घेतात. स्मरणचित्राला भाजीवालीची एक बैठक, बसथांब्यावरचे तीन मनुष्याकार, छत्री धरलेला एक माणूस, हे बसवून घेतात आणि मूल प्रश्न वाचण्याआधी ते काढायला लागते. स्मरण मुलाचे राहत नाही, क्लासचे होते. अट प्रश्न विचारते आणि नमुना तो प्रश्नच संपवतो. दोन्ही वरवर बंधनेच दिसतात म्हणून आपण ती एकाच खात्यात मांडतो, आणि इथेच गेली कित्येक वर्षे घोटाळा चालला आहे, असे त्यांनी ठणकावले.

यावर पेणच्या एका शिक्षकांनी उठून हरकत घेतली. पेणच्या गणेशमूर्ती साच्यातूनच निघतात, साचा हा नमुनाच, मग त्या कारागिरीला कमी लेखायचे का? बाईंनी उत्तर दिले, की पेणच्या कारखान्यात सगळ्यात मान कुणाला? डोळ्यांची आखणी करणाऱ्याला. साच्याने सगळे ठरवून टाकल्यावर बोटभर जागा उरते आणि तिथे हात लागतो. त्यांच्या तरुणपणी पेणच्या एका कारखान्यात आखणी करणाऱ्या बाईंशेजारी बसून त्यांनी हे पाहिले होते. एकाच साच्यातले दोन गणपती शेजारी ठेवले, एक गंभीर, दुसरा आत्ता हसेल असा. शाळेत आपण साचा देतो आणि डोळेही आपणच आखून देतो, अशी त्यांची तक्रार होती. पेणच्या शिक्षकांना ते पुरते पटले नाही. साचा बनवणारासुद्धा कलावंतच असतो, असे ते बसता बसता म्हणाले, आणि ते म्हणणेही खरेच आहे.

तिसऱ्या बाजूशी बोलताना मात्र त्यांचा स्वर बदलला. कागद नाही, रंग नाही, अनुदान येत नाही, त्यामुळे आम्ही तुटपुंज्या साधनांत शिकवतो आणि मुले त्यातूनच कल्पक होतात, असे काहींनी कौतुकाने सांगितले होते. बाईंनी हे कौतुक नाकारले. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीतून भूमितीचे आकार उभे केले. ही निवड होती. विचार करून, मुलाला परवडेल आणि परिसरात सापडेल असे साधन त्यांनी निवडले आणि त्यावर वर्षानुवर्षे मेहनत केली. सरकारने कागद न पुरवणे ही निवड नव्हे. गरिबीला अट म्हणू नका, असे त्यांनी दोन-तीन वेळा बजावले. शिक्षकाने घातलेली अट तासाची घंटा झाली की संपते. निळा रंग मंगळवारी बंद होता, बुधवारी परत मिळाला. ज्या घरात निळा रंग विकत घ्यायला पैसेच नाहीत, तिथे तो कधीच परत मिळत नाही. वादळानंतरच्या त्या वर्षात कागदाच्या तुटवड्यामुळे त्यांनी मुलांना पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद देठावर, कोळशाने चित्रे काढायला लावली, ती सुंदर झाली, पाहुण्यांनी फोटो काढले. त्याच वर्गातला एक मुलगा त्यांना म्हणाला होता, बाई, विरी आमच्या घरी रोज असते, शाळेत तरी कागद हवा. हे सांगताना बाई थांबल्या. त्या मुलाला त्या कागद देऊ शकल्या, पण वर्गाला पुरेल इतका नाही.

चांगली अट कशी असते, याबद्दल तरुण शिक्षकांनी लिहून घेण्यासारखे त्यांनी बरेच सांगितले, तेही ओघात. अट एकच असावी. तीन अटी झाल्या की चित्र राहत नाही, कोडे होते. ती मुलाला स्वतःला तपासता यावी. 'सुंदर काढा' ही अट नव्हे, 'दहा रेघांत काढा' ही अट. तिने हाताची सवय अडवावी. पट्टीशिवाय रेघ न मारणाऱ्याला पट्टी बंद, खोडरबराने कागद फाडणाऱ्याला खोडरबर बंद, सतत माणूस टाळणाऱ्याला निदान पाठमोरा माणूस काढायचा. आणि ती गावातली असावी. मुंबईच्या पुस्तकातली अट दिघीच्या वर्गात लागू पडेलच असे नाही. पुठ्ठ्याला आगपेटीएवढे चौकोनी भोक पाडून त्यातून दिसेल तेवढेच काढायचे, हा प्रयोग त्यांनी दरवर्षी केला. आख्खा किनारा काढायला घाबरणारी मुले आगपेटीएवढा किनारा बिनधास्त काढतात.

पुढच्या कामांबद्दल मात्र त्या थोडक्यातच बोलल्या. जिल्ह्यातल्या शिक्षकांनी वर्गात चाललेल्या आणि फसलेल्या अशा दोन्ही तऱ्हेच्या अटींची एक वही करावी. ती कागदावर असावी की व्हॉट्सॲपवर, हे ठरले नाही. दुसरे, एक प्रदर्शन भरवावे, स्पर्धा नव्हे, आणि त्यात प्रत्येक चित्र डाकघराच्या पोस्टकार्डावर असावे. चौदा सेंटिमीटर बाय नऊ, किंमत अगदी थोडी, तळा-म्हसळ्याच्या मुलालाही पाठवता येईल. कुठे भरवायचे, कधी, निवड कोण करणार, हे पुढच्या बैठकीवर गेले. स्मरणचित्राच्या प्रश्नांबद्दल कला संचालनालयाशी पत्रव्यवहार करावा, असे त्या म्हणाल्या, पण मसुदा कुणी लिहायचा याला उत्तर मिळाले नाही. एका शिक्षकांनी बक्षिसे नसतील तर पालक मुलांना पाठवणार नाहीत, अशी शंका काढली. बाईंनी ती धुडकावली, तरी सभागृहात त्यावर बराच वेळ कुजबुज चालू राहिली.

शेवटी नव्याने नोकरीला लागलेल्या एका शिक्षकाने हात वर केला. येत्या सोमवारी आठवीच्या पहिल्या तासाला काय द्यावे, एवढेच त्याला हवे होते. बाईंनी क्षणभरही न थांबता सांगितले, पोफळीची वाडी काढायला सांग, पण चित्रात एकही उभी रेघ नको. पोफळ म्हणजे सरळसोट उभे खोड, वाडी म्हणजे शेकडो उभ्या रेघा. सभागृहात लगेच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणाले पाटातले प्रतिबिंब काढता येईल, कुणी म्हणाले खालून वर बघितल्यावर दिसणारा झावळ्यांचा गोल काढता येईल, एका बाईंना वादळात आडवी पडलेली वाडी सुचली. त्या शिक्षकाने सगळे लिहून घेतले आणि पाचवीसाठी आणखी एक अट मागितली. पाचवीला अट देण्याआधी एकदा वाडीत नेऊन आण, अर्धा तास बसव, वही नेऊ नको, असे सांगून बाई खाली बसल्या.